मुचकुंदीकाठच्या वाटा

पूर्णगडच्या गडावर जायचं तर गावातूनच चढावं लागतं. मुचकुंदी नदी समुद्राला मिळते तिथल्या टेकडीच्या माथ्यावर गड, उतारावर गाव आणि घरांच्या मधून वर जाणारी जांभ्या चिऱ्यांची पाखाडी. पायऱ्या रुंद आणि बुटक्या आहेत. डोक्यावर ओझं घेतलेल्या माणसाला गुडघा फार न उचलता चढता यावं, अशा बेतानं त्या बसवल्यात. दोन्ही बाजूंना चुन्याशिवाय रचलेले गडगे, गडग्यापलीकडे तुळशीवृंदावनं, वाळत घातलेली जाळी, एखादं फणसाचं झाड. मी चढत होते तेव्हा माझ्यापुढे एक तरुण खांद्यावर गॅसचा सिलिंडर घेऊन चालला होता. वळणावर त्यानं तो गडग्यावर टेकवला, दम घेतला आणि मला विचारलं, "गडावर ना?" मी हो म्हटल्यावर म्हणाला, "मारुतीचं देऊळ लागलं की दरवाजाच आला."

तसंच झालं. मारुतीच्या देवळाला लागूनच महादरवाजा आहे. कमानीवर मधोमध गणपती आणि बाजूंना चंद्र-सूर्य कोरलेले. आत गेलं की आटोपशीर तटबंदी आणि समुद्राच्या अंगाला दुसरा दरवाजा. तिथून खाली मुचकुंदीचं मुख, पलीकडे गावखडीचं सुरूचं बन आणि लांबलचक पुळण दिसते.

या अंकासाठी संपादकांनी विषय दिला तो पायवाटांचा. त्यांच्या डोळ्यांपुढे आल्प्स पर्वताच्या उतारावरचे द्राक्षमळे होते, मळ्यांमधून वळणं घेत जाणारी वाट आणि वरच्या सुळक्यांवरचे किल्ले. असं काही आपल्याकडे आहे का, ते जाऊन बघा, असं त्यांनी सांगितलं. मी रत्नागिरीतली मुचकुंदी निवडली. या नदीच्या मुखावर पूर्णगड आहे, खाडीच्या आतल्या टोकाला साटवलीचा पडका किल्ला आहे, आणि ती जिथे उगम पावते त्या माचाळच्या समोर, दरीपलीकडे, विशाळगड उभा आहे. मधल्या उतारांवर द्राक्षं नाहीत. हापूसची कलमं, काजू, रातांबे आणि खाली आगरांत माड-पोफळी आहेत. वाटाही आहेत. त्यांतल्या कुठल्या जगतात आणि कुठल्या मरतात, हे बघत मी हिंडले.

दगड, पाणी आणि आगर

रत्नागिरीची वाट समजून घ्यायची तर आधी सडा समजून घ्यावा लागतो. किनाऱ्यालगतचे डोंगर वरून सपाट आहेत. तो सपाट माथा म्हणजे सडा, आणि त्याचं उघडं अंग म्हणजे कातळ. मुळात हा काळा बेसॉल्टच. लाखो वर्षांच्या उष्ण, पावसाळी हवेनं त्यातलं बरंच काही धुऊन नेलं आणि मागे लोह नि ॲल्युमिनियम धरून राहिलेला तांबडा, सच्छिद्र जांभा उरला. खाणीतून काढताना तो कापता येतो आणि वाऱ्याला लागला की टणक होत जातो. म्हणून घर जांभ्याचं, विहीर जांभ्याची, गडाचा तट जांभ्याचा आणि पाखाडीही जांभ्याचीच.

या दगडाचा दुसरा गुण म्हणजे तो पाणी पितो. पावसाळ्यात सड्यावर पडलेलं पाणी भेगांतून खाली मुरतं, तळाच्या चिकण थराला अडतं आणि डोंगराच्या पायथ्याशी झऱ्यांच्या रूपानं बाहेर येतं. जिथे झरा तिथे आगर, जिथे आगर तिथे घरं. त्यामुळे वस्ती खाली, गुरांचं रान नि वरकस जमीन वर सड्यावर, आणि रोजचं येणंजाणं उभ्या चढउताराचं. पाखाडी जन्माला आली ती या चढउतारातून. मातीची वाट इथला पाऊस दोन वर्षांत धुऊन नेईल. दगडाची पायरी माणसालाही चढवते आणि पाण्याचा वेगही मोडते.

सड्यावरचा भाग निराळाच. वैशाखात तिथे पायाखाली तवा तापतो. मृगानंतर त्याच कातळाच्या खळग्यांत पाणी साठून दिपकाडीची पांढरी फुलं येतात, पुढे सीतेची आसवं आणि सोनकी. पूर्णगडाहून खाडी ओलांडून गावखडीमार्गे दक्षिणेला कशेळीच्या सड्यावर गेलं की कातळात कोरलेला हत्ती भेटतो. सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर उंच अशी ती आकृती आहे आणि तिच्या पोटात इतर प्राण्यांच्या कितीतरी आकृत्या कोरलेल्या आहेत. उक्षी, जांभरूण, देवाचे गोठणे, रुंढे तळी, बारसू अशा ठिकाणची कोकणातली कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. ती उजेडात आणणाऱ्या सुधीर रिसबूड, धनंजय मराठे यांच्यासारख्या मंडळींचा मोठा आधार होता तो गुराख्यांचा. सड्यावर रोज पायी फिरणाऱ्यालाच कुठल्या कातळावर काय आहे ते ठाऊक असतं.

मेरानचा पाट

संपादकांच्या डोळ्यांपुढचं आल्प्समधलं चित्र बघायचं तर इटलीच्या उत्तर टोकाला साउथ टायरोल नावाचा जर्मनभाषी डोंगराळ प्रांत आहे. तिथल्या मेरान शहराच्या डोक्यावर टिरोलचा किल्ला आहे. सबंध प्रांताला नाव मिळालं ते त्याच्यावरून. या दरीत ऊन भरपूर आणि पाऊस कमी. द्राक्षांना नि सफरचंदांना पाणी हवं म्हणून लोकांनी ओढ्यांचं पाणी वळवून डोंगराच्या कडेकडेनं पाट काढले. त्या पाटाला तिथे वाल म्हणतात. मार्लिंग गावाचा वाल सुमारे १२ किलोमीटर लांब आहे. अठराव्या शतकात, १७३७ साली, कार्थुसियन मठवासीयांच्या पुढाकारानं त्याचं काम सुरू झालं.

पाट म्हटला की तो तुंबणार, फुटणार. म्हणून प्रत्येक वालाला एक राखणदार असे. त्याच्या येण्याजाण्यासाठी पाटाच्या बाजूनं जी अरुंद वाट पडली, तीच आज जगभरातून माणसं चालायला येतात ती वाट. पाटात ठिकठिकाणी छोटं पाणचक्र बसवलेलं असे आणि ते फिरताना एक घंटा वाजवत राही. घंटा थांबली की राखणदारानं समजावं, वर कुठेतरी पाणी अडलं.

आज तिथेही तुषार आणि ठिबक सिंचन आलंय, पुष्कळ वाल बंद पडलेत. ज्यांच्या वाटांवर चालणारे आले त्यांतल्या बऱ्याच वालांमध्ये पाणी टिकलं. शरद ऋतूत नवी वाइन आणि भाजलेले चेस्टनट देणारी शेतघरं या वाटांवर उघडतात. चालणारा माणूस शेतकऱ्याच्या अंगणात बसतो, पैसे शेतकऱ्याच्या हाती पडतात.

यातलं आपल्याला सर्वांत ओळखीचं काय असेल तर तो पाट. आपल्याकडेही पावसाळा ओसरला की पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, दगड, पालापाचोळा नि माती घालून बांध घालतात आणि पाणी पाटानं पोफळीच्या आगरात आणतात. पाळ्या ठरलेल्या असतात: अमक्या घराचं पाणी सकाळी, तमक्याचं तिन्हीसांजेला. ज्याची पाळी तो खोरं घेऊन पाटाच्या कडेनं वर जाऊन येतो. त्या जाण्यायेण्यातून वाट स्वच्छ राहते. जिथे पंप बसला आणि काळी नळी आली तिथे पाण्यामागे चालणं संपलं. अशा पाटावरून मी गेले तेव्हा दोन वाड्यांमधलं पाचेक मिनिटांचं अंतर घाणेरीनं पुरतं गिळलं होतं.

कलमं, बोंडं आणि माडी

मुचकुंदीच्या दोन्ही अंगांना आज जी हिरवळ दिसते ती फार जुनी नाही. पूर्वी कलमं असत ती घराजवळच्या बऱ्या मातीत; सडा गुरांचा आणि गवताचा. १९९० साली राज्यानं रोजगार हमी योजनेतून फळबाग लागवडीला अनुदान सुरू केलं आणि चित्र पालटलं. कातळात सुरुंग लावून खड्डे पाडले गेले, बाहेरून माती आणून भरली गेली आणि जिथे करवंदीशिवाय काही उगवत नव्हतं तिथे हापूसच्या रांगा उभ्या राहिल्या. २०१८ साली रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं.

बाग म्हणजे भांडवल, म्हणून बागेला कुंपण आलं. पूर्वी गडग्याला मधे बेडं असे. दोन आडवे बांबू सरकवायचे, पलीकडे जायचं, पुन्हा लावायचं. गुरं अडत, माणूस अडत नसे. आता तारेचं कुंपण आणि कुलूपबंद फाटक. बागवाल्यांची बाजू मला पटते. वानर-माकडं मोहोरापासून फळापर्यंत काही ठेवत नाहीत, आणि तोडणीच्या तोंडावर रात्रीत पेट्या भरून आंबा चोरीला जातो. वर्षभर फवारणी, खत, राखण यांवर खर्च करून मार्चच्या उष्ण वाऱ्यात कणी गळाली तर हाती काय राहणार? पावसनजीकच्या एका बागेत राखणीला असलेला नेपाळी तरुण मला फाटकापर्यंत सोडायला आला. झेल्यानं, म्हणजे जाळी लावलेल्या काठीनं, देठासकट आंबा कसा उतरवायचा, हे त्यानं आमच्याकडच्या पोरांपेक्षा सफाईनं दाखवलं. कोकणातल्या कितीतरी बागा आज या नेपाळी हातांवर उभ्या आहेत. बागेच्या मधून जाणारी जुनी घाटी आता कामाची माणसंच वापरतात. झाडाखालून पेट्या डोक्यावर घेऊन रस्त्यावरच्या टेम्पोपर्यंत आणायला दुसरी सोय नाही, म्हणून ती झाडून ठेवलेली असते.

संपादकांच्या विषयात वाइन होती, तर तिच्याविषयीही लिहायला हवं. फाल्गुन-चैत्रात या उतारांवर काजूच्या बोंडांचा आंबूस गोड वास भरलेला असतो. बी पिळून घेतात आणि बोंडं झाडाखाली टाकून देतात. खाली गोव्यात याच बोंडांच्या रसापासून आधी हुर्राक आणि मग फेणी उतरते. २००९ साली गोव्याच्या काजूफेणीला भौगोलिक मानांकन मिळालं. रत्नागिरीत बोंडं कुजतात. टिकाऊ रस, सरबत, वाइन, काहीही करा, पण जिल्ह्याच्या डोंगरावर दर वर्षी इतकं फळ मातीत जावं हे मला अजिबात पटत नाही. कोकमाला मात्र आपण न्याय दिला. रातांब्याचं आगळ आणि अमृतकोकम घरोघर होतं, आणि चालून आलेल्या माणसाला त्याहून चांगलं पेय मी सांगू शकणार नाही.

माडीची गोष्ट थेट गडांशी जाऊन भिडते. माड चढून माडी काढणं हा भंडारी समाजाचा परंपरागत व्यवसाय, आणि याच समाजातले खलाशी शिवाजी महाराजांच्या आरमारात होते. खांदेरीच्या १६७९ च्या लढाईत इंग्रजांना झुंजवणारा मायनाक भंडारी त्यांच्यातलाच. उंच डोलणाऱ्या माडावर दोराच्या आधारानं चढणारा माणूस डोलकाठीवरही निर्धास्त चढणार. गडावरचा पहारा, खाडीतली गलबतं, आगरातला माड हे सगळं एकाच गावच्या माणसांनी सांभाळलं आणि त्यांना जोडत होती ती पाखाडी.

साटवली ते माचाळ

पूर्णगडाहून खाडीच्या कडेकडेनं आत जाताना पाणी निवळत, अरुंद होत जातं. कांदळवन मागे पडतं, भातमळ्या सुरू होतात. लांजा तालुक्यातलं साटवली एके काळी बंदर होतं, हे आज सांगूनही खरं वाटणार नाही, इतका गाळ भरलाय. समुद्रातून आलेला माल लहान होड्यांतून इथवर यायचा आणि इथून पुढे घाटाकडे चढायचा. त्या मालावर नजर ठेवायला नदीकाठी किल्ला. आज बुरूज नि तटाचे तुकडे झाडीत शिल्लक आहेत. मुळांनी चिरे विलग केलेत. पूर्णगडाची राज्य पुरातत्त्व खात्यानं डागडुजी केली, पण साटवलीकडे वळून बघणारा विरळा.

त्याच्यापुढे नदीला साकव लागतात. पऱ्या-नदीवरच्या या चिंचोळ्या पुलांवरून एका वेळी एक माणूस नाहीतर फार तर एक दुचाकी जाते. पावसाळ्यात वाडी आणि शाळा यांच्यामधला दुवा म्हणजे साकव. जिल्ह्याच्या वाटांचं जाळं अजून टिकून आहे त्यात या पुलांचा वाटा मोठा आहे, आणि त्यांची नोंद कुठल्याच पर्यटन पुस्तिकेत नसते.

माचाळ सह्याद्रीच्या खांद्यावर आहे. अलीकडेपर्यंत इथे गाडीरस्ता नव्हता. बाजार, दळण, लग्नाचं वऱ्हाड सगळं पायी. मुसळधार पावसाच्या वाऱ्याला तोंड द्यायचं म्हणून घरं ठेंगणी, छपरं जवळपास जमिनीपर्यंत उतरलेली. मुचकुंद ऋषींची गुहा इथे दाखवतात; त्यांच्यावरूनच नदीला नाव पडलं म्हणतात. गावाच्या कडेला उभं राहिलं की समोर विशाळगड. १६६० च्या जुलैत पन्हाळ्याहून निसटलेले शिवाजी महाराज याच गडावर पोचले आणि त्यासाठी बाजीप्रभू घोडखिंडीत पडले. आपण इतिहासात गडाकडे येतो ते पन्हाळ्याच्या बाजूनं. कोकणातून त्याच्याकडे जाणारी वाट या माचाळवरून दरीत उतरते आणि पुन्हा चढते. या वाटेनं पिढ्यान्‌पिढ्या माणसं गडावर नि पलीकडे घाटावर गेली.

इथल्या एका आजींकडे पाहुणी म्हणून मला आधी चहा घ्यावा लागला, मग बोलणं. रस्ता आला त्याचं काय वाटतं, असं विचारल्यावर त्यांनी सांगितलं ते आजाऱ्याला डोलीत घालून उतरवण्याचं: पावसात चार माणसं खाली, चार बदलीला, आणि निसरड्या दगडावर एकाचा पाय सरकला की सगळेच घसरणार. हे ऐकल्यावर वाटांच्या सौंदर्यावर बोलायला जीभ रेटत नाही. गाडीरस्ता हा या माणसांचा हक्कच आहे. पाखाडी टिकावी असं म्हणणाऱ्यानं रस्त्याच्या विरोधात बोलू नये. दोन्ही एका गावात नांदू शकतात, मार्लिंगमध्ये नांदतातच.

ही वाट कुणाची

पण नांदायचं तर वाट कुणाच्या नावावर आहे ते कळायला हवं. गावनकाशात गाडीमार्ग तुटक दुहेरी रेषेनं दाखवतात, पायमार्ग तुटक एकेरी रेषेनं, आणि पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट धरतात. म्हणजे नकाशात असलेली वाट ही सार्वजनिक आहे, शेजारच्या सातबाऱ्यावर कुणाचंही नाव असो. कुणी ती अडवली तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. शेतात जायला वाट नसेल तर महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून वाट मागता येते.

कोकणात अडचण अशी की कितीतरी पाखाड्या नकाशात कधी आल्याच नाहीत. गावची जमीन खोताकडे होती तेव्हा वहिवाट पुरेशी होती. १९४९ च्या कायद्यानं खोती गेली, जमीन कुळांच्या नि वारसांच्या नावे झाली, पुढे एकेका सातबाऱ्यावर पंचवीस-तीस नावं चढली आणि त्यांतली निम्मी माणसं मुंबईत. वाट चालू ठेवायला कुणाची परवानगी घ्यायची आणि बंद केली तर कुणाला जाब विचारायचा, हेच कळत नाही. जमीन एकदा बाहेरच्यानं घेतली की पहिलं काम कुंपणाचं, आणि वहिवाट सांगणारी म्हातारी माणसं तोवर राहिलेली नसतात.

गडांच्या बाबतीत असं होत नाही. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्यात आपल्या जिल्ह्यातला सुवर्णदुर्ग आहे. आनंदच आहे. रत्नदुर्ग, जयगड, पूर्णगड यांच्याकडे आता अधिक लक्ष जाईल, अशी आशा ठेवायला जागा आहे. पण गाडीतून उतरायचं, तट बघायचा, फोटो काढायचा आणि पुन्हा गाडीत बसायचं, अशा येण्यानं गड आणि गाव यांची गाठ पडत नाही. खेड तालुक्यात रसाळगड, सुमारगड, महिपतगड या तीन गडांना जोडणारी डोंगरधारेची वाट आहे. ती चालणाऱ्याला गडांइतक्याच वाड्या आठवतात, कारण पाणी मागितलं जातं ते वाडीत.

शिमग्याची वाट

गावची वाट कुठली, याचा एक पुरावा मात्र दर वर्षी फाल्गुनात चालत येतो. शिमग्याला ग्रामदेवतेला रूपं, म्हणजे मुखवटे, लागतात, पालखी सजते आणि ती घरोघर निघते. तिचा मार्ग ठरलेला असतो: कुठल्या वाडीत आधी, कुठल्या घरी नंतर, कुठून उतरायचं, कुठल्या पऱ्यातून पलीकडे जायचं. पालखी रस्त्यानं वळसा घेत नाही, ती जुन्याच वाटेनं जाते. म्हणून शिमग्याआधी वाडीतली माणसं कोयते नि खोरी घेऊन पाखाड्या साफ करतात, सरकलेला चिरा बसवतात. मुंबईचे चाकरमानी आलेले असतात, "कवा आलाव?" विचारत विचारत एकेक वळण मोकळं होत जातं. मी ज्या गावात पालखीमागे चालले तिथे एका नव्या बागेची तार वाटेवर आली होती. मालकानं आदल्या दिवशीच ती सोडून गुंडाळून ठेवली होती. तहसीलदाराच्या आदेशानं जी वाट उघडायला कदाचित वर्ष लागलं असतं, ती देवीसाठी एका दिवसात उघडली.

मला वाटतं, रत्नागिरीत चालण्याच्या वाटा आखायच्या असतील तर सुरुवात इथून व्हावी. पालखीचा मार्ग, पाटाची कड, बागेतली घाटी आणि शाळेचा साकव या चार गोष्टी गावनकाशावर एकत्र मांडल्या की पूर्णगडापासून माचाळपर्यंतचा बराचसा धागा आपोआप दिसू लागेल. सिमेंट ओतू नये. सरकलेला चिरा परत चिऱ्यानंच बसवावा, कारण सिमेंटवर शेवाळ धरलं की पाय टिकत नाही, आणि जांभ्याची पायरी बसवणारे गवंडी अजून गावात आहेत, त्यांना काम मिळेल. तोडणीच्या दोन महिन्यांत बागेतला भाग बंद ठेवावा, म्हणजे बागवाल्याचा विरोध राहणार नाही. चालणाऱ्याला घावन, कोकमाचं सरबत आणि बसायला ओटी मिळावी, आणि त्याचे पैसे त्या घरातल्या बाईच्या हाती पडावेत.

गावनकाशाची प्रत भूमी अभिलेख कार्यालयात मिळते. २६ जानेवारीला ग्रामसभा असते. दिवाळीपासून तोवरच्या कोरड्या दिवसांत वाडीतल्या दोन जुन्या माणसांना बरोबर घेऊन वाट एकदा चालून यायची, जिथे तार लागेल तिथे खूण करायची आणि विषय लेखी देऊन ठेवायचा.